मागून नेलेला गजर

तोंडवली, १९ ऑगस्ट

प्रिय बुवा,

आधी माफी मागते. वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. डायरी रोज लिहीत होते. शाळेतली कामं, आईंचं गुडघेदुखीचं औषध, विहिरीचा पंप कधी बिघडला, सगळं त्यात आहे. फक्त तुमच्याशी बोलणं नाही. लिहायला बसलं की वाटायचं, सांगण्यासारखं काही ठरलं की लिहू. ठरत काहीच नव्हतं.

आज ठरलं. दुपारी मी तुमच्या होडीच्या गजराच्या कागदावर सही केली. बरोबर केलं की चूक, ते मला कळत नाही. केतकी तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. आई बोलतायत, पण माझ्याशी नाही, तुळशीशी. तेव्हा आता तुम्ही ऐका. जिवंतपणी पेटीवर बोटं चालवत अर्धवट ऐकायचात, तसं नको. नीट ऐका.

गेल्या आठवड्यात परेश नावाच्या माणसाचा फोन आला. मूळचा रेडीचा, मुंबईत एका कंपनीत आहे. ही कंपनी भजनं रेकॉर्ड करून आपल्या चॅनेलवर टाकते. म्हणाला, "वहिनी, बुवांचा 'होडी तुझी, वल्हं तुझं' हा भजनाचा गजर आम्हाला हवा आहे. चवथीच्या आधी बाहेर यायला हवा. कुडाळात स्टुडिओ घेतलाय, गाणारा ठरलाय. कायद्याने हक्क वारसांचा, म्हणजे तुमचा, मुलीचा आणि बुवांच्या आईचा. तिघींच्या सह्या लागतील. पैसे एकरकमी."

त्याने आकडा सांगितला आणि मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. केतकीची पहिल्या वर्षाची फी भरून वर थोडे उरले असते, इतके! तिला कोल्हापुरात फिजिओथेरपीला प्रवेश मिळालाय. हे तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं. मिळालाय! पण महिनाअखेरीपर्यंत फी भरायची आहे, आणि माझा पगार तुम्हाला ठाऊक आहे.

बुवा, तुम्ही गजर बांधायचात कसे, ते मी पाहिलंय. मोटार वायंडिंगच्या दुकानात तारेचे वेढे मोजता मोजता तुम्ही गुणगुणायचात, वेढे चुकायचे, शिवी घालून तार सोडवायचात आणि पुन्हा सुरू. कधी कुणाचा पंप चार दिवस उशिरा गेला तो चाल सुचत नव्हती म्हणून. त्या पंपाचे पैसे मिळायचे. तो पुन्हा जळला की पुन्हा मिळायचे. गजर बांधल्याचे कुणी दिले? तुम्ही मंडपात बसून रात्रभर गायलात तर बिदागी. तीही पखवाजी, झांजवाले, कोरस आणि टेम्पो यांत वाटली जायची. बसणं थांबलं की मिळणं थांबलं. गजर मात्र जळत नाही, थांबत नाही. तुम्ही गेल्यावरही तो गावोगाव फिरतोय आणि जो कुणी त्या रात्री पेटीमागे बसतो, त्याला कमावून देतोय. हे मला तुमच्या हयातीत दिसत होतं. मी म्हणतही होते. तुम्ही काय म्हणायचात?

"गजर काय माझो? देवाचो तो."

मग देवानेच केतकीची फी भरावी, असं मी म्हटलं की तुम्ही हसायचात. ते हसणं आज मला फार महागात पडलं.

आज सकाळी परेश आला. पोरगा वाईट नाही. आईंच्या पाया पडला, फोवे मागून खाल्ले. ऑफिसातली मराठी बोलता बोलता मधेच आपल्या बोलीत घसरतो. कागद चांगला आठ पानांचा. मी दिवसभर शाळेच्या ऑफिसात दुसऱ्यांचे अर्ज तपासते, त्यामुळे मला खालून वाचायची सवय. सहाव्या पानावर थांबले. तिथे होतं, 'सदर रचना आजतागायत अन्य कोणासही गाण्यास दिलेली नाही.'

"हे खरं नाही," मी म्हटलं.

"वहिनी, हे सगळ्याच कागदांत असतं. पद्धत आहे."

"असेल. पण खरं नाही."

आतून आई म्हणाल्या, "खरा कसा असतला? ह्या पडवेत बसान किती जणांनी गजर नेल्यानी! चाय करून करून माझे हात मोडले."

चहा मी करायचे. पण असो.

मग मी परेशला आपल्याकडची रीत सांगितली. दुसऱ्या बुवाला एखादा गजर आवडला की तो नारळ घेऊन यायचा. नारळ पेटीसमोर ठेवायचा, गजर मागायचा. तुम्ही नारळाला हात लावलात की दिला. मग त्याला समोर बसवून चाल घोटून घ्यायचात. अट एकच, शेवटच्या ओळीतलं तुमचं 'दास मनोहर' हे नाव गाळायचं नाही. एकदा दिला की तो बुवा गाणार, त्याचे शिष्य गाणार. ना पैसे, ना कागद.

परेशने पेन खाली ठेवलं. "म्हणजे कितीजणांना दिलाय?"

आई मोजायला लागल्या. "तो चष्म्यावालो, लाजरो. तो कांदळगावचो, ज्याका साखर चलत नाय. आणि तो कोण गो, जो जेवान गेल्यावरय पेटी सोडी ना?"

"नावं, आजी?"

"नावां तेंच्या आवशींनी ठेवलीहत, माका काय इचारतस?"

परेश हसला, मीही हसले. पण तो हसताना घामेजला होता. त्याने मला फोनवर दाखवलं. कुणीतरी मंडपात मोबाईल वर धरून काढलेला, तुम्ही हाच गजर गातानाचा व्हिडिओ. तुम्ही निळ्या झब्ब्यात. मान डावीकडे कलली आहे आणि 'वारा तुझ्या हाती' म्हणताना डोळे मिटलेत. मी तो कधी पाहिलाच नव्हता! खाली पाहणाऱ्यांचा आकडा. "ह्याचे पैसे दर महिन्याला येतात, वहिनी. कोणाला? ज्याने मोबाईल धरला त्याला. तुम्हाला काय आलं? आम्ही सही घेतली की हे सगळे व्हिडिओ नेटवरून खाली उतरवू. गजर एकाच ठिकाणी राहील. म्हणून तर एवढी रक्कम देतोय."

"आणि ज्यांना बुवांनी दिला, त्यांचे व्हिडिओ?"

"देवळात गाऊ देत की. फक्त चॅनेलवर नको."

तुमच्या उमेदीच्या काळात तेवढं पुरलं असतं. आता प्रत्येक मंडळ आपलं भजन मोबाईलवर टाकतं, आणि ते बघून पुढच्या कार्यक्रमाची सुपारी येते. देवळात गा, पण दाखवू नको, म्हणजे या वर्षी जेव, पुढच्या वर्षीचं बघू नको.

आणि बुवा, यात आणखी एक गाठ होती. ती मी परेशला लगेच सांगितली नाही.

परवा काशिनाथ बुवा आले होते.

हो, तेच. वालावलचे. डबलबारीत तुमच्या समोर वीस वर्षं बसलेले. समोरासमोरच्या त्या मंचांवरून तुम्ही दोघांनी एकमेकांचं काय काय काढलंत! त्यांनी म्हणावं, "मंडळी, हेंच्या आवाजाचो करंट गेलोसो वाटता, कोणीतरी फ्यूज बघा." तुम्ही पेटी न थांबवता, "फ्यूज आमचो शाबूत आसा बुवानू, तुमचो मीटर तेवढो शेजाऱ्याचो!" मंडप शिट्ट्यांनी डोक्यावर. तुमच्या बाराव्यालाही ते आले नव्हते. मी ते डायरीत लिहून ठेवलं होतं, एका ओळीत.

परवा मात्र एकटेच आले. पडवीच्या पायरीशी चपला काढल्या, आत आले, आणि पेटी कुठे आहे ते शोधत राहिले. पेटी माळ्यावर आहे हे कळल्यावर हातातला नारळ कुठे ठेवावा, तेच त्यांना कळेना.

"वयनीनू, होडीचो गजर मागूक इलंय. चवथीक म्हणूचो आसा."

मी म्हटलं, "सगळेच म्हणतात. तुम्ही विचारायला कशाला आलात?"

"सगळ्यांचा माका काय सांगतास? तेच्यासमोर बसान मी आयुष्यभर गायलंय. तेचा न मागता कसा घेव? तो होतो तेव्हा मागूची लाज वाटली. आता खंय मागू, सांगा."

रीतीत याला उत्तरच नाही ना? बांधणारा गेल्यावर मागायचं कुणाकडे? तुमच्यामागे किती जणांनी तो गजर उचलला, मोडला, नाव गाळून गायला. मागायला आलेला हा एकटा. आणि तो कोण, तर काशिनाथ!

मी नारळाला हात लावला नाही. "दोन दिवसांत सांगते," म्हटलं. ते "बरा" म्हणाले आणि चहा न घेता गेले. नारळ तिथेच राहिला.

मला नेमकं काय अडवत होतं, सांगू? एका डबलबारीत तुम्ही मंचावरून म्हणाला होतात, "ह्यो गजर मी सगळ्यांक दितलंय, काशिनाथाक सोडून!" लोक हसले. काशिनाथ बुवाही हसले. पण ती थट्टा होती का? घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा तुम्ही घोंगडी ओढून झोपलात. असं कसं वागलात? एक शब्द बोलला असतात, तर आज मी या पेचात नसते!

आज परेश फोन घेऊन अंगणात गेला तेव्हा केतकी मला आत घेऊन गेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, तू सही करणार आहेस ना?"

"ते कलम काढलं तर."

"काढलं नाही तर? आणि काशिनाथकाकांचं त्याला सांगू नकोस. त्यांना नंतर नाही म्हण. तू अजून दिलेला नाहीस."

खरं होतं. मी अजून दिला नव्हता. गप्प बसले असते, तर उरलेलं कलम कसंतरी सुधारून घेता आलं असतं. पाच-सात साध्या बुवांनी कंपनीचं फार बिघडत नव्हतं. पण काशिनाथ बुवा आज या भागातलं सगळ्यात मोठं नाव आहे. ते चवथीला गाणार, त्यांची पोरं टाकणार, आणि जग तेच बघणार.

"केतकी, ते मागायला आले गं."

"बाबांनी सगळ्यांना दिलं. आता तूही दे." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. चिडल्यावर ती मालवणीत जाते, तुमच्यासारखी. "सगळ्यांक देवन झाला की माका सांग. माका काय उरता ता बघूया."

बुवा, मी तिच्याकडे बघत राहिले. ती चुकत नव्हती. तिच्या हक्काचं कुणी तरी मागत होतं आणि ते द्यायला तिची आईच निघाली होती. मी स्वतःला विचारलं, हा तुझा प्रामाणिकपणा आहे की मिजास? दोन दिवस तुला आवडतंय का, की एवढा मोठा बुवा तुझ्या होकाराची वाट बघतोय? आवडत होतं. थोडं आवडत होतं. ते बाजूला काढून उरलेलं चाचपलं. तरी काहीतरी उरत होतं. काय, ते धड नाव देऊन सांगता येत नाही. एवढंच वाटलं, की जो माणूस विचारून घेतो, त्यालाच नाही म्हणायचं आणि जो न विचारता उचलतो त्याला काहीच करायचं नाही, असं असेल तर उद्या विचारायला येईल कोण?

बाहेर आले. परेशला म्हटलं, "काशिनाथ बुवांनाही दिलाय."

तो खुर्चीतून अर्धा उठला. "कधी?"

"परवा मागितला. आज दिला. आत्ता." आणि जाऊन मी त्या नारळाला हात लावला.

"वहिनी!" त्याची ऑफिसातली मराठी पार सुटली. "काशिनाथबुवान टाकल्यान तर आमचो कोण बघतलो? साहेब माका जित्तो ठेवचो नाय!"

"साहेबांना विचार. आमची आंब्याची कलमं आम्ही दरवर्षी व्यापाऱ्याला करारावर देतो. तो आंबा नेतो, झाड नेत नाही. आणि पाहुण्यांना दोन आंबे दिले म्हणून करार मोडत नाही. तसं काही होतं का विचार."

"आणि नारळाचा? कागदावर नारळ कसो लिवू?"

"ते मी सांगते. लिही."

तो पुन्हा अंगणात. फोनवर बराच वेळ. आम्ही तिघी पडवीत. आईंनी वाती वळायला घेतल्या. केतकी खांबाला टेकून उभी, नजर फोन धरलेल्या त्या पाठीवर. मला मनातून वाटत होतं, साहेब हो म्हणू दे, रक्कम राहू दे, मी दोन्हीकडून सुटू दे. किती खोटी आशा! जे एकट्याचं उरलं नाही, त्याचे एकट्याचे पैसे कोण देईल?

परेश आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. रक्कम गेली. आगाऊ काही नाही. हवं तर पाच वर्षांचा करार, चॅनेलवर जे मिळेल त्यात वारसांचा हिस्सा, दर सहा महिन्यांनी हिशेब. न मागता टाकलेले व्हिडिओ कंपनी उतरवणार. ज्यांना रचनाकाराने किंवा वारसांनी आजपर्यंत गाण्याची परवानगी दिली ते आणि त्यांचे शिष्य गातील, दाखवतील, शेवटच्या ओळीतलं नाव कायम ठेवून.

"हिस्सा म्हणजे किती येईल?" केतकीने विचारलं.

परेश खरं बोलला, त्याबद्दल त्याला मानते. "पहिल्या वर्षी विचारू नको. फार तर तुझ्या मोबाईलचा रिचार्ज. पण भजन दर चवथीला पुन्हा चालतं. हळूहळू वाढतं. दहा वर्षांनी बघ, कदाचित..."

"दहा वर्षांनी माझं शिकून झालेलं असेल," केतकी म्हणाली.

आईंनी वाती बाजूला सारल्या.

परेशने बदल हातानेच लिहिले. त्या प्रत्येक ठिकाणी मी छोटी सही केली. आईंनी चष्मा लावून, जीभ दातात धरून आपलं नाव लिहिलं. मग कागद केतकीसमोर गेला. ती अठराची झालीय, बुवा. तिची सही नसती तर काहीच झालं नसतं आणि ते तिला माहीत होतं. तिने पेन घेतलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "काशिनाथकाका नाव घेतील ना शेवटी? गाळणार नाहीत?"

"नाही गाळणार."

तिने सही केली. पेनाचं टोपण लावलं आणि आत गेली.

दुपारी काशिनाथ बुवांना फोन केला. नारळाला हात लावला, असं सांगितलं. ते म्हणाले, "वयनीनू, चाल दाखवूक कोण आसा?" मी हे विचारातच घेतलं नव्हतं! तुमची घोटून घ्यायची रीत मी कशी पुरी करणार? म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं समोर बसून ऐकलीत, तुम्हाला येत नाही?" तर म्हणाले, "येता. पण तिसऱ्या ओळीत तो जी जागा घेय ना, ती माका कधी गावलीच नाय. तेच्यासाठी तर इलंय." म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत त्यांना सुरांची ती एक जागा दिलीच नाहीत. मंचावरून वीस वर्षं ऐकवलीत, पण पकडू दिली नाहीत. जिंकलात की! मी त्यांना तो निळ्या झब्ब्यातला व्हिडिओ पाठवला. खाली उतरायच्या आत ऐकून घ्या म्हटलं.

आता दिवेलागण झाली आहे. आत केतकी काहीतरी करतेय, कळतंय मला. कपाटाची दारं उघडतेय, मिटतेय. कोल्हापूरला न्यायची बॅग तिने गेल्या आठवड्यात वर काढून ठेवली होती, ती अजून काढलेलीच आहे. ती तिने परत ठेवली नाही, एवढ्यावर मी आज तग धरून आहे.

तुम्हाला राग आलाय का? येऊ दे. मलाही आलाय तुमचा. निम्मं तुम्ही देऊन टाकलंत आणि उरलेलं कसं राखायचं ते सांगितलं नाहीत. पण एक कबूल करते. तुम्ही दिला नसतात, तर तो या गावातून त्या गावात गेलाच नसता, आणि आज परेश आमच्या पायरीवर आलाच नसता. द्यायचंही आणि त्यातून पोटही भरायचं, हे एकत्र कसं बसवतात, ते ना तुम्हाला जमलं, ना मला. मला अजून शिकायला वेळ आहे, एवढंच.

तर हे माझं वचन. आजचा निर्णय मी तुमच्या नावावर टाकणार नाही. केतकीने पुढे कधी विचारलं, उद्या किंवा दहा वर्षांनी, तर "तुझ्या बाबांना असंच आवडलं असतं" असं म्हणून मी सुटणार नाही. तुम्हाला काय आवडलं असतं ते मला ठाऊक नाही. मी केलं, असंच सांगेन. आणि तिचं शिक्षण अडलं, तर तेही मी केलं, असंच.

तुमची,
शुभा

उद्या : साडेदहाला कोल्हापूरच्या कॉलेजात फोन करून फी हप्त्यांनी घेतात का विचारणे. केतकीला शेजारी बसवून.